पिवळ्या मारबतीला दिलेलं गाठोडं

तुम्ही पाठवलेला फोटो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. तुमच्या शहरातली ती सणाची मिरवणूक, घरांच्या माड्यांपर्यंत पोचणारी कागदाची सोंगं, लाल डगलेवाले बँडवाले, आणि बापाच्या खांद्यावर तोंडाचा आ करून बसलेली तुमच्यातली धाकटी. फोटोच्या मागे तुम्ही विचारलं आहे, "आजी, तुझ्या लहानपणी असं काही होतं का?"

होतं. एकदाच धड पाहिलं, पण ते सांगायचं तर सगळं क्रमानं सांगावं लागेल.

आमचं गाव धामणगाव बढे. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि राजधानी नागपूर. गावातल्या माणसांना नागपूर म्हणजे मोठी कचेरी आणि मोठा दवाखाना, एवढंच ठाऊक. कचेरीचं काम निघालं तर पुरुष जात. आम्ही गेलो ते दवाखान्यासाठी.

माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणायची, तेरा वर्षांची होती. मी आठ. त्या उन्हाळ्यापासून अक्काला खोकला लागला होता. संध्याकाळी अंगात कणकण यायची आणि गाल तांबडे व्हायचे. बायका मायला म्हणत, "पोरगी कशी गुलाबासारखी दिसून राह्यली!" आईला आम्ही माय म्हणायचो. माय हसायची नाही.

मोताळ्याच्या वैद्याचे काढे झाले, रोहिणखेडच्या एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांचं चाटण झालं. त्या हकीमसाहेबांनीच बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "पाटील, आता वेळ नका घालवू. नागपूरले न्या." मग छकड्यानं मलकापूर आणि तिथून रेल्वेनं नागपूर. मुक्काम किती पडेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून मायनं अक्काचे होते नव्हते ते सगळे कपडे बरोबर घेतले. तिचे आखूड झालेले तर मीच घालत होते. शिवाय त्या वर्षी पोळ्यासाठी बाबांनी गुलाबी छिटाचा एक तागा आणला होता, त्यातून आम्हा दोघींना सारखंच परकर-पोलकं शिवलं होतं. तेही गाठोड्यात होतं, घडी न मोडलेलं.

नागपुरात माझी आत्या राहायची. तिचे यजमान सरकारी कचेरीत होते आणि घर रस्त्यावर, वरच्या मजल्यावर लाकडी सज्जा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अक्काला तपासलं आणि जे सांगायचं ते आत्याच्या यजमानांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी बाबांना मराठीत त्याच्या निम्मंच सांगितलं असावं. बाबांनी मायला त्याच्याही निम्मं. पण अक्काची पेला-ताटली वेगळी झाली आणि माझं अंथरूण दुसऱ्या खोलीत गेलं. मायला काय ते कळलं.

पोळा जवळ आला तसे बाबा गावी परतले. बैलांची पूजा मालकानंच करायची असते, ती टाळता येत नाही. जाताना ते अक्काला म्हणाले, "ढवळ्याले सांगतो, तू इचारलं म्हून."

"सांगजा, का मी आल्यावर त्याच्या शिंगाले मीच रंग लावतो," अक्का म्हणाली. आमच्या गावाकडे मुलीही बोलताना 'जातो, येतो' म्हणतात. आत्याचे यजमान त्याला नेहमी हसत.

पोळ्याच्या दिवशी आम्ही दोघींनी गुलाबी कपडे घातले. अक्काला तिचं पोलकं शिवलं तेव्हापेक्षा सैल होत होतं. मायनं पाठीकडून चिमटीत धरून पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसरा दिवस करीचा. त्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबत म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि कापड चढवून केलेली बाई, घराएवढी उंच. एक काळी, एक पिवळी. शहरभर मिरवतात आणि शेवटी वेशीबाहेर नेऊन जाळतात. वाटेत लोक ओरडतात, "रोगराई घेऊन जा गे मारबत! इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!" घरातलं जे जे दुखणं असेल ते तिच्या अंगावर घालायचं आणि ती ते घेऊन जळून जाते.

आमच्या गावातही कर होतीच. पण तिथं पळसाच्या डहाळ्या शिवेबाहेर फेकायच्या, एवढंच. कुणी आजारी असेल तर त्याच्या विटक्या कपड्याची चिंधी त्या डहाळीला बांधायची. चिंधीच. बोटभर रुंद. त्याहून जास्त कुणी देत नसे.

त्या सकाळी आत्यानं सज्जात अक्कासाठी गादी टाकली, मागे तक्के लावले. रस्ता माणसांनी भरून गेला होता. आधी बडगे आले. बडगे म्हणजे मारबतीबरोबरची पुरुषी सोंगं, ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याची केलेली. त्या वर्षी एक ढेरपोट्या बडग्या टोपी घालून, तोंडात चिरूट धरून आला. कुणी म्हणे हा साहेब, कुणी म्हणे सावकार.

अक्का खुदकन हसली. "अवं, हा त् आपल्या शाळेतल्या मास्तरासारखा दिसते. छडी तेवढी पाह्यजे."

"मास्तर एवढे जाडे कुठं हायेत?" मी म्हटलं.

"मी घरी गेली का सांगतो त्याहिले, तुमची मारबतीत वरात काढली म्हून." हसता हसता तिला ढास लागली. आत्यानं पाणी दिलं.

तेवढ्यात ढोल जवळ आले आणि पिवळी मारबत वळणावर दिसली. तिचं तोंड आमच्या सज्जाच्या उंचीला होतं. मोठे पांढरे डोळे, हळदीच्या रंगाचं अंग. मी अक्काला चिकटायला गेले तर आत्यानं मला मागे ओढलं.

मी वळून पाहिलं तर माय आतल्या खोलीत अक्काचे कपडे एका लुगड्यात बांधत होती. दोरीवरचे, खुंटीवरचे, उशाशी ठेवलेले. कालचं गुलाबी परकर-पोलकंही तिनं उचललं.

आत्या धावली. "वहिनी, काय करता हे? चिंधी पुरते वो! चिंधी फाडून द्या एक."

"गावातल्या डहाळीले चिंधी देते, बाई. हे एवढी मोठी हाये." मायनं गाठ आवळली. "अर्धं देल्लं त् अर्धंच नेईन ते. मले अर्धं नाई ठेवाचं."

"अन् पोरगी नेसन काय?"

"बरी झाली का कोरं शिवतो. दसऱ्याले. समदं कोरं."

माय जिना उतरून गेली. ती कधी परक्या गावात एकटी उंबरठ्याबाहेर पडली नव्हती. वरून आम्हाला फक्त तिचं पदर घेतलेलं डोकं गर्दीतून पुढे सरकताना दिसत होतं. मारबत ओढणाऱ्यांतला एक जण ओरडला, "काय माय, पुरं घरच बांधता का तिले?" लोक हसले. माय काय बोलली ते वर ऐकू आलं नाही, पण तो माणूस हसायचा थांबला. त्यानं गाठोडं घेतलं आणि मारबतीच्या कमरेच्या बांबूला बांधलं. गाठोड्यातून गुलाबी बाही बाहेर आली होती. मारबत हलली तशी ती बाही हलायला लागली.

"माय!" अक्का सज्जाच्या कठड्याला धरून उठली. "माय, ते गुलाबी नको! ते ठेव ना वं!"

ढोलांत तिचा आवाज आमच्यापलीकडे पोचला नाही. खाली माय मान वर करून, दोन्ही हात जोडून, सगळ्यांच्या बरोबर ओरडत होती. "घेऊन जाय गे मारबत! पोरीचा खोकला घेऊन जाय गे मारबत!" तिला एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अक्कानं खाली मायकडे पाहिलं. मग तीही ओरडली, "घेऊन जाय गे मारबत!" आणि खाली बसली.

माय वर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा मोकळा दिसत होता. तिनं विचारलं, "पाह्यलं का, अक्के? पार कमरेले बांधलं."

"पाह्यलं," अक्का म्हणाली. "लय मस्त बांधलं." गुलाबी कपड्याचं नावही तिनं पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी आत्याचे यजमान आले. त्यांना सगळं कळल्यावर ते म्हणाले, बरंच झालं, नाही तरी तिचे कपडे उकळायला सांगितलेच होते. अंगावर होतं तेही मायनं चुलीत घातलं, आणि अक्काला आत्याचं जुनं मऊ लुगडं मधून फाडून नेसायला दिलं. ती आरशात पाहून मला म्हणाली, "पाह्य वं, मी त् एकदम बाईच झाली. आता पाया पड माह्या."

मी खरंच पडले. तिनं "अखंड सौभाग्यवती हो" म्हणून माझ्या डोक्यावर टपली मारली.

तीन-चार दिवस ताप नव्हता. मायनं नागपुरातच कोऱ्या कपड्यासाठी दुकानं हेरून ठेवली. मग ताप परत आला आणि उतरला नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बाबा आले, आम्ही तिला धामणगावला आणलं. दसऱ्याच्या आधी, दुपारी, ढवळ्या-पवळ्या रानातून परतायच्या आधी अक्का गेली. अंगावर आत्याचं लुगडंच होतं. अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणे आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे जाळलं.

सुतक फिटलं आणि माय घर धुंडाळायला लागली. पेटी, कोनाडे, धान्याच्या कणग्यांच्या मागे. बाबांनी विचारलं, "काय हुडकून राह्यली?"

"तिचं एखांदं," माय म्हणाली. "काई बी. टोपडं, पट्टी, काई बी."

काही नव्हतं. जे होतं ते मारबतीच्या कमरेला गेलं होतं. तिचे आखूड झालेले कपडे मी वापरून वापरून माझे केले होते.

एके दिवशी मी अंगणात होते. मायनं दोरीवरून माझं गुलाबी पोलकं काढलं, त्याच ताग्याचं, तेच शिवलेलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि ते तोंडाशी धरलं. खूप वेळ. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं पोलकं खाली घेतलं, माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"याले तुयाच वास येते," ती म्हणाली आणि ते माझ्या हातात दिलं.

पुढच्या जूनमध्ये बाबांनी मला नागपूरला शिकायला ठेवलं. अक्काला ठेवायचं ठरलं होतं, तिच्या जागी मी गेले. इंग्रजी शिकले, मॅट्रिक झाले, आणि त्याच सज्जाच्या घरात राहिले. दर करीला मारबत त्या रस्त्यानं जायची. आत्या सकाळीच सज्जाचं दार लावून घ्यायची, आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत बसून ढोल पुढे जायची वाट पाहायचो. माय नागपूरला पुष्कळदा आली. त्या दिवसांत कधी आली नाही.

तर असं होतं आमचं. तुमच्या फोटोतली मिरवणूक छान आहे. पुन्हा जा, धाकटीला पुन्हा खांद्यावर बसवा.

आणखी एक. मागच्या खेपेला धाकटीचा निळा स्वेटर इथं राहिला. तुमची आई फोनवर म्हणाली, "धुऊन पाठवा, लागेल तिला." माझं घर तुम्हाला ठाऊक आहे. इथं मळकं काही दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही. तो स्वेटर मात्र तुम्ही गेलात त्या दिवशी जसा खुर्चीवर पडला होता तसाच घडी घालून कपाटात ठेवला आहे. तिला दुसरा घ्या. हा मी धुणार नाही, आणि पाठवणारही नाही.