बटणाच्या पलीकडे कोण?

भित्र्या मॅडम लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलायच्या. अशी बाई आम्हाला बिबट्यापासून वाचवणारं अ‍ॅप कसं असावं हे शिकवणार, म्हणून मला हसू आलं. त्यांना ते दिसलं. ‘‘भित्री आहे म्हणूनच हे काम मला जमतं,’’ त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात मखमलाबादच्या मळ्यांत बिबट्या फिरत होता. पहाटे फुलं तोडायला जाणाऱ्या बाया जीव मुठीत धरून जायच्या. आमच्या शेजारच्या सुमनकाकू त्यांतल्याच. अ‍ॅप काढणाऱ्या संस्थेने मॅडमची कार्यशाळा ठेवली आणि मला बोलावलं, कारण वस्तीतली पत्रकं मीच काढायचो. मी फोनवर पत्रकासारखाच लालभडक स्क्रीन करून नेला: ‘सावधान! संकटात असाल तर खालील बटण दाबा!’

मॅडमनी तो फोन काकूंच्या हातात दिला, मागे गेल्या आणि स्टीलचं ताट दाणकन फरशीवर आपटलं.

‘‘मेले गं बाई!’’ काकू किंचाळल्या. फोन टेबलाखाली. ‘‘यात काय वाचू, कपाळ?’’

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. ताट स्वतःच आपटूनही त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाल्या, ‘‘तुझं अक्षर देखणं आहे. ते ग्राफिक डिझाइन. थरथरत्या अंगठ्याला बटण सापडणं हे इंटरॅक्शन डिझाइन. घाबरलेला माणूस वाचत नाही रे, चाचपडतो.’’

‘‘शेवटी सगळं डिझाइनच ना?’’

‘‘मग लग्नात भटजींनाच स्वयंपाक करायला लाव!’’

त्यांनी अख्खा स्क्रीनच एक बटण करून टाकला. ताट पुन्हा आपटलं. काकूंनी किंचाळतच ते दाबलं. टाळ्या झाल्या.

‘‘थांबा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘फोन कुठे वाजतोय?’’

शेजारच्या खोलीत, संस्थेच्या टेबलावर. वाजत राहिला. खुर्ची रिकामी होती.

‘‘माणूस पुढच्या टप्प्यात नेमू,’’ संस्थेचे साहेब म्हणाले.

‘‘तोवर बिबट्याने थांबायचं का?’’ मॅडमचा आवाज कापत होता, पण त्या बसल्या नाहीत. ‘‘हाकेला कोण धावणार, हे ठरवणंही डिझाइनच आहे. ते झाल्याशिवाय अ‍ॅपला माझी संमती नाही.’’

पुढच्या कार्यशाळेला त्यांना बोलावलंच नाही. अ‍ॅपचं उद्घाटन मात्र फेटे बांधून झालं. खुर्ची अजून रिकामी आहे, आणि यांना लाज नाही. त्या दिवशी जाताना रिक्षात बसून मॅडम मला एवढंच म्हणाल्या, ‘‘तू जरा घाबरत जा.’’

आता माझ्या पत्रकावर उद्गारचिन्ह नसतं. पानभर मोठा एकच नंबर असतो, माझा. फोन उशाशी ठेवून झोपतो. परवा पहाटे तो वाजला. काठी उचलली, अनवाणी पळत सुटलो. ‘‘काकू! कुठे आहात?’’

‘‘वट्यावर हाय रे. काय नाय झालं. उचलतो का ते बघितलं.’’

मी रस्त्यातच मटकन बसलो.

‘‘आता निघते मळ्यात,’’ काकू म्हणाल्या. ‘‘फोन ठेवू नको.’’

मी ठेवला नाही. फुलं तुटल्याचा आवाज येत होता, मागे कुत्री भुंकत होती. मग पलीकडची कुत्री एकदम भुंकायची थांबली. मी काठी घेऊन उठलो आणि मळ्याकडे धावत सुटलो.