टक्केसाहेबांचे कठडे

महापालिकेच्या अर्थसंकल्प विभागात त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. टक्केवारी खातात म्हणून नव्हे, त्या बाबतीत माणूस धुतल्या तांदळासारखा. नाव पडलं ते सवयीमुळे. कुठलीही फाईल पुढे आली की गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवायचे आणि सही ठोकायची. बालवाड्यांना दहा, खेळण्यांना दहा, बाळांच्या लशींना दहा. शहरात पाळणा हलायचा केव्हाच कमी झाला होता. साहेबांच्या इमारतीत तर एकच तान्हं बाळ उरलं होतं. त्याला खाली आणलं की आजी-आजोबांची ही गर्दी व्हायची. कागदावर मात्र पोरं धडाधड जन्माला येत होती. लोकांनी आपलं काम सोडलं म्हणून महापालिकेनं का सोडावं?

एक दिवस साहेबांची आई महापालिकेच्याच दवाखान्याच्या पायऱ्यांवरून घसरली. गेली होती गुडघा दाखवायला, आली मनगट प्लास्टरमध्ये घालून.

"पायऱ्यांना कठडा का नाही रे?" तिनं विचारलं.

"तरतूद नाही, आई."

"तरतूद कोण करतं?"

साहेबांनी तिच्या हाताखाली उशी सरकवली.

"मग दिवसभर तिथं बसून करतोस तरी काय?"

साहेबांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच लोकसंख्येचा वयवार तक्ता मागवला. बघतात तो काय, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे साठीपुढची चार माणसं! साहेबांनी घाम पुसला आणि अंदाजपत्रकात नवा खर्च घातला : ज्येष्ठांसाठी कठडे.

बैठकीत सभापतीबाईंनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"साहेब, कठड्याचं उद्घाटन कसं करतात हो?"

"फीत कापून."

"आणि फोटो? बाळाला कडेवर घेतलं की फोटो उजळतो. इथं काय, आजोबांना कडेवर घेऊ?"

"बाई, बालकल्याणाचा निधी नुसता पडून आहे. त्यातला थोडा इकडे वळवला तर…"

"वळवला तर शहर म्हातारं झालं म्हणून विरोधक बोंब मारतील. निवडणूक तोंडावर आली आहे."

शेवटी बाईंनीच तोड काढली. खर्च तोच, नाव बदललं : "रांगत्या बालकांसाठी आधार-कठडे". बाकं वाजली, ठराव एकमतानं मंजूर झाला.

पण अभियंता निघाला प्रामाणिक. ठरावात बालकं म्हटलंय ना, मग त्यानं बालकांच्या मापाचेच कठडे बसवले, गुडघ्याएवढे. वर पिवळी बदकंही रंगवली. साहेब मोठ्या हौसेनं आईला दाखवायला घेऊन गेले.

आईनं कठड्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. "छान आहे. पण धरायचा तर मला आधी रांगावं लागेल."

उद्घाटनाला इमारतीतलं ते एकुलतं एक बाळ उसनं आणलं होतं. बँडचा आवाज ऐकून त्यानं भोकाड पसरलं आणि कठड्याला हात लावायचं साफ नाकारलं. "असं धरायचं हं बाळा," म्हणत सभापतीबाई स्वतःच वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच. कंबर धरली होती. दोन आजीबाईंनी काखेत हात घालून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नेमका तोच फोटो आला, आणि उजळही आला.

आठवड्याभरात बाईंचा निरोप आला : कठडे उंच करा.

"कुठल्या नावाखाली?" साहेबांनी विचारलं.

"मूल काय जन्मभर रांगणार आहे? मोठं होईलच ना!"

त्यामुळे "बालके मोठी झाल्यानंतरचा आधार" म्हणून बदकांच्या वर कमरेएवढी आणखी एक नळी जोडली गेली. महापालिकेच्या दप्तरी शहरातले सगळे म्हातारे अजूनही वाढत्या वयातली बालकंच आहेत, पण पडायचे थांबले.

प्लास्टर निघाल्यावर आई तपासणीला निघाली. साहेबांनी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला आणि नळी धरून एकटीच चढू लागली. साहेब तिची पिशवी घेऊन मागे. निम्म्यावर त्यांना धाप लागली. इकडेतिकडे कोणी ओळखीचं नाही असं बघून त्यांनी हळूच नळी धरली.

आई केव्हाच वर पोचली होती. "येतोस," तिनं वरून हाक मारली, "का मी येऊ खाली न्यायला?"