शॉकनंतर ह्यांना आठवेना ते भांडण

आमच्या घरात तोवर वीज आलेली नव्हती. ती आधी ह्यांच्या डोक्याला लागली.

हे पनवेलच्या मामलेदार कचेरीत कारकून. त्या वर्षी दिवाळीनंतर बोलेनासे झाले. जेवण सुटलं, झोप उडाली. भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. सासूबाईंचे अंगारे-धुपारे झाल्यावर गावातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. तिथे शॉक देतात हे कळलं आणि मी वाटभर रडले.

पहिल्या शॉकनंतर शुद्धीवर आले ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण कुणाकडच्या?" लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण इतक्या आदरानं मला कधी विचारलं नव्हतं. आठवण परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या शॉकनंतर चहाचा घोट घेऊन ह्यांनी तोंड वाकडं केलं आणि चहा पांचट झालाय म्हणाले. चार महिन्यांतली ही पहिली तक्रार. आनंदानं मला हुंदका आवरेना.

घरी आल्यावर दारावर येणारी गव्हाण गावची भाजीवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, इतक्यात हात नको लावू त्यांना. आंगात करंट हाय अजून." मी दोन दिवस खरंच ताट जरा लांबूनच सरकवलं.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी शेजारच्या काकांना चहाला हाक मारली आणि मी हातातलं काम टाकून बाहेर आले. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पोस्टातून निवृत्त झालेले. आम्ही दोन घरांत मिळून एक वर्तमानपत्र घ्यायचो. त्यातलं शब्दकोडं काकांनी ह्यांच्या आधी शाईनं सोडवून टाकलं, म्हणून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. हे सारं ह्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी 'या' म्हणून मान हलवली, आणि ते मुकाट्यानं येऊन बसले. मग रोजच येऊ लागले.

पावसाळ्याच्या सुमारास एकदा ह्यांनी कप खाली ठेवला आणि काकांना विचारलं, "आपलं काही भांडण झालं होतं का हो?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "झालं होतं. चूक माझीच होती. तुम्ही विसरलात, तेव्हा म्हटलं आपण कशाला आठवण करून द्या."

ह्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. मग, कोडं निदान बरोबर तरी सुटलं होतं का, ते विचारलं. दोन शब्द चुकल्याचं काकांनी कबूल केलं. त्यावर हे जे चिडले, ते तासभर थांबेनात; काकाही हटेनात. सासूबाई घाबरून मला मध्ये पडायला सांगत होत्या. मी मात्र आत निवांत कांदा चिरत दोघांचे चढलेले आवाज ऐकत बसले.