ताईची ठिपक्यांची रेघ

आमच्या ऑफिसात सगळे जिला ताई म्हणतात, ती माझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी आहे. मला मात्र चौदा वर्षांत कुणी दादा म्हटलेलं नाही.

आम्ही टर्मिनल बनवतो. म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात कॉम्प्युटरवाले माउस बाजूला ठेवून हुकूम टाइप करत बसतात. तिच्यात दिसणाऱ्या फाइलच्या नावावर क्लिक करता यावं, असं ठरलं. पण क्लिक होतं हे कळावं कसं? मी म्हटलं, नाव निळं करा. काळ्यावर निळं वाचता येत नाही, म्हणून ते बारगळलं. ताई आधी नकाशे काढायच्या ऑफिसात होती. ती म्हणाली, "रंगाला हात नको लावू. खाली ठिपक्यांची रेघ दे, माउस नेला की सलग कर." मग आठवडाभर ती रेघच काढत बसली. दारापर्यंत मागे जाऊन बघायची. झाडू मारणाऱ्या मावशींना खुर्चीत बसवून विचारायची, "कुठे बोट लावावंसं वाटतं?" साहेबांना कोण कौतुक! एका रेघेचं! माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू? टीमप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती.

आमच्याकडे एकाचं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. ताईचं माझ्याकडे आलं. पाच मिनिटांत चूक सापडली. फाइलच्या नावात शब्द जोडायला खाली आडवी दांडी असते. ताईची सलग रेघ नेमकी तिच्यावर बसायची आणि तिथे नुसती मोकळी जागा आहे असं वाटायचं. रेघ जराशी खाली सरकवली की झालं. मी ती दुरुस्ती करून माझ्या मशीनवर ठेवलीसुद्धा. ताईला चिठ्ठी लिहिली, दोनदा वाचली आणि पुसली. मग 'तपासलं, ठीक आहे' वर क्लिक केलं. अळीमिळी गुपचिळी.

तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. त्याने नाव वाचलं, दांडीऐवजी जागा सोडून ते पुसायचा हुकूम दिला. मध्ये जागा दिसली की कॉम्प्युटर ती दोन वेगळी नावं धरतो, त्यामुळे भलत्याच दोन फाइली गेल्या. मीटिंगमध्ये ताई म्हणाली, "चूक माझी आहे. दांडीवालं नाव मी लावून बघितलंच नाही." तपासणारा कोण होता, हे ती बोललीच नाही. मी जागेवर आलो आणि दहा मिनिटांत दुरुस्ती पाठवली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात तयारी." संध्याकाळी जागा मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी आली. दुरुस्ती ज्या दिवशी लिहावी, त्या दिवसाची तारीख तिला आपोआप चिकटते. घाईत ती बदलायची मी विसरलो होतो.

"तीन आठवड्यांपूर्वीची आहे ही," ती हळूच म्हणाली. "तेव्हाच सांगायचंस ना रे."

"राहून गेलं, ताई."

"बरं," म्हणाली आणि कामाला लागली.

ती साहेबांकडे जाईल म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. ती गेली नाही. तिच्या जागी मी असतो, तर जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळ्या ऑफिसला सांगून मोकळा झालो असतो. म्हणून प्रमुखाच्या खुर्चीत बसूनही मला तिचाच हेवा वाटतो.