चाळीस लाख मैलांवरचा गोटा

कोणी काही ठासून सांगायला लागले, की आमचे मोजणीदार कानामागची पेन्सिल काढत, तिचे बूड टेबलावर दोनदा ठोकत आणि विचारत, "मोजलं काय?" समोरचा फाइलीत डोके घाली. पेन्सिल पुन्हा कानामागे जाई.

अमरावतीला जमीन मोजणीच्या एका कार्यालयात मी कारकून होतो. असे कार्यालय तुम्हीही पाहिले असेल. कपाटे भरलेली, खुर्च्या भरलेल्या, डोकी तेवढी रिकामी. मोजणीदार छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले. त्यांच्यासारखी मोजणीची साखळी जिल्ह्यात कोणी धरत नाही, हे आम्ही सगळे कबूल करत होतो आणि पाण्याचा पेला मात्र त्यांचा वेगळा ठेवत होतो. त्या पेल्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आमच्या अकलेबद्दल रोज बोलत. "म्याट्रिक पास हाय म्हनता. कोन्या मास्तरनं सोडलं तुमाले?"

अडुसष्टच्या जूनमध्ये वर्तमानपत्रात एक चित्र आले. मधोमध सूर्य, त्याच्याभोवती पृथ्वीची गोल वाट आणि कुठल्याशा लघुग्रहाची लांबोळकी वाट तिला दोन जागी कापून गेलेली. नकाशात रेघ रेघेला कापते तिथे भांडण, एवढेच आमच्या कार्यालयाला नकाशातले कळत होते. त्यामुळे टक्कर होणार हे दुपारच्या चहाच्या आत मंजूर झाले. हेडक्लार्क फाइलवर हात ठेवून जप करू लागले. फाइल तेवढी तशीच राहिली.

मोजणीदारांनी चित्र पाहिले. "तेल्हाऱ्याच्या नकाशात नाला रस्त्याले कापते. मंग रोज एसटी बुडून राहिली काय? नाला मोरीखालून जाते, बाप्पा! ह्या गोट्याची वाट तिरपी हाय. साडेतेरा महिन्यात सूर्याले फेरा घालते, पार चुलीजवळ जाऊन मंगळापल्याड निंघते. आपल्यापासून चाळीस लाख मैलावरून जाईन. मोजनाऱ्यानं मोजलं हाय."

पण त्यांना नुसते हिणवून भागणार नव्हते. त्यांच्या लेकीचे लग्न नेमके गोटा जवळून जाण्याच्या दिवशीच होते. मुहूर्त ते मानत नसत, सोयीचा दिवस धरला होता. आता तेल्हाऱ्याच्या व्याह्यांचा निरोप आला, लग्न पुढे ढकलू. मुलीची एक सोयरीक आधी अशीच पुढे ढकलता ढकलता मोडली होती. "पोरगी जेवून नाही राहिली, भाऊ," ते मला म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

रविवारी ते मला ओढत तेल्हाऱ्याला घेऊन गेले. व्याह्यांच्या मोकळ्या वावरात त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या, त्यांना दोरीचा फास अडकवला आणि तो काडीने ताणत मातीत लंबगोल काढला. एक खुंटी सूर्य. तिच्याचभोवती पृथ्वीचा गोल. मग जुन्या चाळणीचे दाबून लांबट केलेले कडे त्या लंबगोलावर एका बाजूने उचलून तिरपे धरले, ही गोट्याची खरी वाट.

"वाट कापते तिथं घाला हात. कुठं लागते?"

व्याह्यांनी कड्याखालून हात आरपार घातला. "नाही लागत."

"मंग?"

"मंग काय? लगन त्याच दिशी!"

आयुष्यात शाळा न पाहिलेल्या माणसाला हे घटकाभरात कळले.

अमरावतीतच, त्यांच्या दारात होणाऱ्या लग्नाचे आमंत्रण त्यांनी कार्यालयात प्रत्येकाच्या टेबलाशी उभे राहून दिले होते. लग्नाच्या सकाळी हेडक्लार्क म्हणाले, "आज बाहेर निंघनं बरं नाही. लेकराबाळाची मानसं आपन." साऱ्यांनी माना हलवल्या. आणि तीच लेकराबाळांची माणसे बारा वाजता चौकात, उघड्या आकाशाखाली, मजेत आलूबोंडे खात उभी राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोट्याला त्यांच्यातले कोणीच भीत नव्हते. पंगतीला भीत होते.

मी गेलो. पण तीन वाजता, जेवणे उठली असतील असा हिशेब करून. माझा शूरपणा एवढाच, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

जेवणे उठली नव्हती. मांडवात एक पंगत तशीच मांडून ठेवलेली होती, आमच्या कार्यालयाची. पानांवर धूळ बसली होती. मोजणीदारांनी मला बसवले, स्वतः वाढले आणि माझ्या मागे रस्त्यावर पाहिले.

"बाकीचे?"

"येऊन राहिले," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. "पानं उचलू नका रे, मंडळी येऊन राहिली!" असे वाढप्यांना ओरडून सांगत ते उन्हात फाटकाशी जाऊन उभे राहिले. मी मान खाली घालून जेवत राहिलो. खरे सांगायला उठणे मला जमले नाही.

लेक सासरी निघाली, तेव्हा बापाच्या पाया पडायला तिलाच फाटकापर्यंत जावे लागले.