नाव न विचारता निवडलेल्या अकराजणी

जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण : लालबाग, आमच्या घरचं जेवणाचं टेबल. हजर : मी, माझ्या शाळेतल्या पीटीच्या बाई, आता निवृत्त, आणि माझी भाची, जी कॉलेजात असताना डिफेन्सला खेळायची आणि आता बँकेत आहे. गैरहजर कोणी नाही. काम : यंदाच्या मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलमधून आमची अकराजणींची टीम ठरवणं.

आमची म्हणजे खरोखर आमचीच. ही टीम कुठल्या फळ्यावर लागत नाही की कुठे छापून येत नाही. डिसेंबरभर आम्ही तिघी नायगावच्या एका मैदानाच्या पायऱ्यांवर बसून सामने बघतो, मी वहीत लिहिते, आणि जानेवारीत एका सकाळी मतं घेतो. तीनपैकी दोन मतं पडली की मुलगी टीममध्ये. मग बाई स्वतःच्या हाताने अकरा चिठ्ठ्या लिहितात आणि बाई व मी त्या घरोघरी नेऊन देतो. व्हॉट्सॲप चालत नाही. आईवडिलांसमोर बसायचं, चहा घ्यायचा आणि सांगायचं की तुमची मुलगी निवडली आहे, आता वर्षभर दर रविवारी सकाळी बाईंकडे सरावाला पाठवा. बाईंचं म्हणणं, मुलींचा खेळ मैदानावर कधी सुटत नाही, घरी सुटतो. तेव्हा चिठ्ठी घरीच गेली पाहिजे.

दुसरा नियमही त्यांचाच. निवड होईपर्यंत नाव विचारायचं नाही. जर्सीचा रंग आणि नंबर, बस.

"आडनाव कळलं की बघणाऱ्याचे डोळे बदलतात," बाई म्हणतात. "माझेसुद्धा."

जन्मभर शाळेत हजेरी घेतलेली बाई असं म्हणते, तेव्हा वाद घालायचा नसतो.

एरवी मी कामाची माणूस आहे. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक. पण त्या पायऱ्यांवर बसलं की माझं काहीतरी सैल होतं. सकाळचा पांढुरका उजेड, त्यात धुकं किती आणि बांधकामाची धूळ किती ते सांगता येत नाही. पलीकडे अर्धवट उभे टॉवर, त्यांच्यावर हलेनाशा झालेल्या क्रेन. मुलींच्या हाका पाण्याखालून आल्यासारख्या येतात. लांबच्या टोकाला कोणी चेंडू मारला, की आधी चेंडू उडतो आणि आवाज मग कधीतरी, सावकाश, आपल्याजवळ पोचतो. पेन हातात असतं, पण किती वेळ काही लिहिलेलं नाही हे लक्षातच येत नाही.

यंदा हे सगळं निळ्या जर्सीच्या सात नंबरमुळे जास्त झालं. ती राइट विंगला. तिचे दोन सामने बघितले आणि दोन्हींत पहिल्या हाफला ती आमच्या पायऱ्यांसमोरून धावत होती. दंडाला काळा पट्टा, दोन वेण्या, जमिनीशी भांडल्यासारखं धावणं. मध्यंतरात आम्ही कोपऱ्यावर चहाला जायचो आणि परत येईपर्यंत खेळ सुरू झालेला असायचा. बाजू बदललेल्या असायच्या, त्यामुळे सात नंबर आता मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला, बोटाएवढी. आणि खेळ निराळाच. मान वर, घाई नाही, चेंडू पायात आला की सगळं मैदान क्षणभर थांबून तिच्याकडे बघतंय असं वाटायचं. मी वहीत लिहिलं होतं : 'पहिला हाफ : वेडी. चेंडू मागत नाही, हिसकावते. दुसरा हाफ : शांत. दोन गोल हिच्या पासवर.' आणि खाली : 'दहा मिनिटांत काय होतं हिला?'

महिनाभर ती माझ्याबरोबर होती. कुकरच्या शिट्ट्या मोजताना, ऑफिसात प्रिंटरपाशी उभी असताना माझ्या अकराही जणी एकदम खेळायला लागायच्या. निरनिराळ्या कॉलेजच्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या, एका मोठ्या मैदानावर, ज्याला कुठे कडाच नव्हती. त्यात सात माझ्या अगदी जवळून धावत सुटायची आणि पलीकडे पोचेपर्यंत शांत झालेली असायची. मला वाटायचं, माणसाला असं बदलता आलं पाहिजे.

त्या रविवारी टेबलावर तिचा नंबर निघाला तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, पहिल्या हाफातली ही मला फुकट दिली तरी नको. चेंडू घेऊन भिंतीत जाते. पण दुसऱ्या हाफासाठी माझं मत."

"माझंही त्या पासांसाठीच," बाई म्हणाल्या.

माझं तर होतंच.

"तिघींचं एकमत," भाची म्हणाली. "भांडण नाही, काही नाही. तब्येत बरी आहे ना दोघींची?"

यादी झाली. मग नेहमीप्रमाणे मी कॉलेजांना फोन करून नंबरांवरून नावं आणि पत्ते घेतले. सात नायगावचीच निघाली. चाळ पाडायला घेतली तेव्हापासून ती मंडळी जवळच भाड्याच्या खोलीत राहत होती. पुढच्या शनिवारी दुपारी बाई आणि मी तिथे गेलो. तिची आई एका दवाखान्यात आया आहे, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. वडील नाहीत. मुलगी ओट्यापाशी चहा टाकत होती. दंडावर तोच काळा पट्टा.

बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि रविवारचं सांगितलं.

"बाई, तुम्ही घरापर्यंत आलात, पण खरं सांगते," आई म्हणाली. "हिची परीक्षा झाली की कामाला लावायचंय. मामाने मॉलमध्ये बोलून ठेवलंय. तिथे रविवारची सुट्टी नसते. खेळ झाला आता तीन वर्षं."

"आधी ऐकून तर घ्या आम्ही काय बघितलं ते," बाई म्हणाल्या आणि मला खूण केली. मी दुसऱ्या हाफाचं वाचलं. मान वर ठेवण्याबद्दल, त्या दोन पासांबद्दल. जरा रंगवूनच वाचलं.

मुलीने गॅस बंद केला. "मॅडम, ती मी नाही."

"म्हणजे?"

"माझ्या पायात गोळे येतात. मध्यंतराला मी बाहेर बसते आणि माझी जर्सी कॉलेजातली एक मैत्रीण घालते. फॉर्मवर तिचं नाव नाही. घरच्यांची सही लागते ना. तिच्या घरी ती खेळते हेच माहीत नाही."

"दोन्ही सामन्यांत?" बाईंनी विचारलं.

"सगळ्याच."

"हे नियमात बसत नाही, माहितीये ना?"

"हो."

"तू गप्प बसली असतीस तर आम्हाला कळलंही नसतं."

"तिचे पास मी किती दिवस माझ्या नावावर घ्यायचे?" मग ती माझ्याकडे वळली. "पहिल्या हाफाचं काय लिहिलंय?"

मला वाचावं लागलं. वेडी. हिसकावते.

"घरी पण तशीच आहे," आई म्हणाली.

मी वहीकडे बघत राहिले. महिनाभर धावणारी ती एक मुलगी त्या खोलीत हळूहळू विरत गेली. कपबशा वाजत होत्या, खिडकीतून कुठल्यातरी ड्रिलचा आवाज येत होता. तिघींपैकी दोन मतं स्पष्टपणे दुसऱ्या हाफाला होती. नियमाने ही चिठ्ठी या घरची नव्हती. बाईंनी ती उचलली.

"परत नेणार?" आईने विचारलं.

"मतं हिला नव्हती पडली."

"अर्धा खेळ तर हिचाच होता ना? ती दुसरी ताजी उतरते, समोरच्या पोरी हिच्यामागे पळून दमलेल्या असतात. ते नाही का लिहिलं तुमच्या वहीत?"

ते लिहिलेलं नव्हतं. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ही आई, मुलीने नंतर सांगितलं, एकदाही सामना बघायला आलेली नव्हती.

मुलगी आईकडे बघत होती. "मम्मी, तू तर नको म्हणत होतीस."

"नको म्हणणं वेगळं. दिलेलं परत नेणं वेगळं."

बाईंनी चष्मा वर केला. "मी चिठ्ठी ठेवली, तर रविवारी पाठवाल?"

आईने चहाचे कप आमच्यापुढे सरकवले. "भावाशी बोलते," शेवटी म्हणाली. "महिन्यातले दोन रविवार तरी सुटतात का बघायला सांगते. चारांचं माझ्या हातात नाही."

बाईंनी पेन काढलं, चिठ्ठीवर मुलीच्या नावाखाली 'पहिला हाफ' लिहिलं आणि ती आईच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "वहीत दुरुस्त कर."

जिन्यापर्यंत मुलगी सोडायला आली. दुसरीचं नाव तिने सांगितलं, वडाळ्याचा पत्ताही दिला. मग म्हणाली, "पण तिला मी सांगू का? कॉलेजात भेटतेच ती. घरी गेलात तर तिचं सगळंच बंद होईल."

"आणि नाही गेलो तर?" बाई म्हणाल्या. "परीक्षेनंतर कुणाची जर्सी घालणार ती?"

उतरताना बाई प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या, आणि ते फक्त गुडघ्यांमुळे नव्हतं.

त्यानंतर दोन रविवार झाले. पहिल्या हाफाची सात सरावाला आली, चेंडू घेऊन दोनदा भिंतीत गेली. दुसरीची चिठ्ठी बाईंनी लिहून माझ्याकडे दिली आहे. मी वडाळ्याच्या बसचा नंबर लिहून ठेवला आहे, आणि तिच्या वडिलांना पहिलं वाक्य काय म्हणायचं याचे तीन मसुदे केले आहेत. तिन्ही खोडले. चहाच्या आधी बोलायचं की नंतर, तेही ठरत नाही.

दहा चिठ्ठ्या पोचल्या, अकरावी अर्धी पोचली. वडाळा बाकी.