बंद माइकपुढचे टाळ

आमच्या सांगवीच्या भजनी मंडळाचा अल्बम काढायचं खूळ माझंच. चार जुन्या चाली आणि चार मी स्वतः बांधलेली नवी गाणी. मंडळात मी पेटीवर असतो, त्यामुळे शहाणपणा शिकवायचा मक्ताही माझ्याकडेच.

जुन्या चाली तात्यांच्या. पेटीवर पहिली बोटं ठेवायला मला त्यांनीच शिकवलं. ते टाळ धरतात आणि शेवटच्या कडव्याला हात वर करून अशी लय चढवतात, की बसलेला माणूस आपसूक उठतो. गुरुवारी देवळात निम्मे लोक तेवढ्यासाठीच येतात.

बारामतीच्या स्टुडिओत नेमकं तेच नडलं. हेडफोनमध्ये एकसारखा ठोका पडत होता आणि तात्या त्याला जुमानेनात. तीनदा गाणं पहिल्यापासून घ्यावं लागलं. माझ्या नव्या गाण्यांना वेळ उरणार नाही म्हणून माझं डोकं फिरलं. मी त्यांना शेजारच्या काचेच्या खोलीत बसवलं, पुढ्यात माइक ठेवला आणि रेकॉर्डिंगवाल्याला हळूच सांगितलं, "तो बंदच ठेवा." तात्या दिवसभर डोळे मिटून, घाम गाळत टाळ वाजवत राहिले. काचेतून मला सगळं दिसत होतं. लाज वाटली, पण मी काही केलं नाही. हे पाप माझं एकट्याचं.

महिन्याभरानं गाणी मोबाइलवर आली, तसे तात्या आमच्या रानात आले. मी त्यांचीच चाल लावून दिली. फोन कानाला धरून ते म्हणाले, "माझं टाळ कुठं हायती रं?"

"मागं हायती, तात्या. बारीक येत्यात ऐकू."

खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. शेवटचं कडवं आलं. सवयीनं त्यांचा हात वर गेला. गाणं मात्र तसंच संथ पुढं सरकत राहिलं. हात थोडा वेळ वरच थांबला, मग खाली आला.

"मी असतो तर हितं लय चढली असती." एवढंच बोलले, फोन परत दिला आणि पोरांची चौकशी करून गेले.

गुरुवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, न आले तर बरं, असंही वाटलं. पण आले. नेहमीच्या जागी बसले, पिशवीतून टाळ काढले आणि देवळाचा माइक माझ्याकडं सरकवला.

"बघ बाबा, चालू हाय का न्हाय. तुला कळतंय त्यातलं."

सगळं मंडळ हसलं. मी माइकवर टिचकी मारली. आवाज पार देवळाबाहेर गेला. शेवटच्या कडव्याला सगळे उठले, तरी मला मान वर करता आली नाही.